तेहतीस अनारशांखालचं ताट

यंदाच्या धोंड्याच्या महिन्यात सासरहून मिळालेलं वाण मी मोरीत नेऊन धुतलं.

त्यात माझी चूक थोडी आणि अनारशांची जास्त, असं मी आजही म्हणतो. अधिक महिना तीन वर्षांनी एकदा येतो आणि जावई नावाच्या प्राण्याला महिनाभर देवाचा दर्जा देऊन जातो. माझे केस गेले, ढेरी आली, गुडघे वाजायला लागले, तरी भडगावला सासरच्या ओट्यावर पाय ठेवला की धाकटा मेहुणा पाय धुवायला तांब्या घेऊन उभा असतो. या वेळी अधिक भर उन्हाळ्यात आला होता. पुरणाचे धोंडे, वाटीवर वाटी आमरस, वरून कूलरचा गार वारा. जेवून मी जवळजवळ आडवाच झालो होतो, तेवढ्यात मेहुण्यानं तांब्याचं ताट पुढे केलं. ताटात एका कडेला दिवा, मधोमध तेहतीस अनारशांची रास, आणि अनारशांखाली काळी चकचकीत काच. हल्ली पाहुण्यांना चहा-बिस्किटं द्यायला तसे काळ्या काचेचे ट्रे निघाले आहेत. मेहुण्याच्या घरात दोन आहेत, मी स्वतः पाहिलेत. मनात म्हटलं, वा, या खेपेला ट्रेसकट वाण!

"दाजी," मेहुणा हसत म्हणाला, "बठ्ठी दुन्या यामा शे. जपीसन वापरा."

सगळी दुनिया यात आहे म्हटल्यावर मी भाविक चेहरा केला. दीपदान आहे, तेहतीसचा आकडा आहे, म्हणजे दुनिया असणारच. "खरं आहे," मी गंभीरपणे म्हणालो. मेहुणा आणखी हसला. मला वाटलं, दाजींच्या श्रद्धेनं भारावला.

दुसऱ्या दिवशी एसटीनं जळगावला आलो. ताट फडक्यात बांधून मांडीवर, अनारसे त्यात, त्यातले दोन पाचोऱ्याच्या आतच कमी झालेले. घरी येताच बायको ऊन लागलं म्हणून डोळ्यांवर ओला रुमाल घेऊन पडली. घरात आम्ही दोघंच. मुलगा पुण्याला नोकरीत. मी शहाण्यासारखे अनारसे डब्यात भरले आणि म्हटलं, चला, भांडी तरी घासून ठेवू. तांब्याचं ताट चिंचेनं घासावं लागतं म्हणून ते बाजूला उभं केलं. ट्रे हातात घेतला. तुपानं माखलेला, वर खसखस चिकटलेली. साबणाचा फेस लावला, तांब्याभर पाणी ओतलं, नारळाची शेंडी उचलली आणि ट्रे हातातून निसटू नये म्हणून त्याची कड घट्ट दाबून धरली.

ट्रे पेटला.

पांढरा उजेड पडला. आमच्या मोरीला खिडकी नाही, दुपारी बारालाही तिथे संध्याकाळ असते. ती मोरी नळापासून कोपऱ्यातल्या बादलीपर्यंत उजळली. फेसाच्या खालून एक शब्द वर आला. तो विरला, दुसऱ्या लिपीतला आला. मग तिसरा, गोल गोल अक्षरांचा. मग अचानक देवनागरी: नमस्ते. आणि प्रत्येक बुडबुड्यात तो शब्द वेगळा, छोटा, वाकडा, सप्तरंगी कडेचा. मी शेंडी उचललेल्या हातानं तसाच उभा. मी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. तीस वर्षं मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा दाखवतो आहे. पहिल्यांदा नळीत डोळा घालणाऱ्या पोराचं तोंड कसं उघडं पडतं ते मला चांगलं ठाऊक आहे. त्या दिवशी ते तोंड माझं होतं.

"अहो, काय झालं? नळ चालू राहिलाय," आतून बायको.

"ताटानं नमस्कार केला," मी म्हणालो.

आत खाट करकरली.

"मग तुम्हीही करा. जावई असले म्हणून वाकायला बंदी नाही."

मग तिला काहीतरी सुचलं असावं. ती धावत आली, माझ्या हातातून ते हिसकावलं आणि पदरानं पुसायला लागली. "टॅबलेट आहे हा! माझ्या भावानं खोक्यातून काढून ताटात मांडला, नीट दिसावा म्हणून, आणि तुम्ही त्याला शेंडी लावताय?" पुसून झाल्यावर तिनं तो चेहऱ्याजवळ नेला, मान तिरकी केली आणि डाव्या डोळ्यानं अगदी जवळून बघत राहिली. मला वाटलं, ओरखडा पडला का ते बघतेय.

आता इथेच एक गोष्ट सांगून टाकतो. मला ती तीन आठवड्यांनी कळली, पण वाचणाऱ्यांना माझ्याइतकं उशिरा कळायचं काही कारण नाही. बायकोचा उजवा डोळा गेला होता. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर बरोबर मधोमध डाग. समोरच्या माणसाच्या कडा दिसायच्या, चेहरा दिसायचा नाही. डाव्यातही सुरुवात झाली होती. 'धुळ्याला मावसबहिणीकडे जाऊन येते' म्हणून ती दोनदा गेली, ती भावाला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती. चष्म्यानं हे जाणार नाही, डॉक्टर म्हणाले, उरलं तेवढं जपू, अक्षरं मोठी असली तर वाचता येईल. आणि वाचणं हीच तर तिची पंचाईत होती. आमच्या गल्लीत अधिक महिन्याची पोथी तीच वाचते. पोथी तिच्या आईची, लाल फडक्यातली, जुन्या छापाची, अक्षरं मोहरीएवढी. आई भडगावला वाचायची, आईमागे ही इथे वाचायला लागली. रोज चार वाजता बायका आमच्या पुढच्या खोलीत येतात, घडीच्या लाकडी ठवणीवर पोथी उघडते, आणि तासभर त्या खोलीत हिचा शब्द चालतो. एरवी घरात माझा चालतो असं नाही, पण त्या तासाची गोष्ट वेगळी. ती जागा सोडायची म्हणजे काय, हे तिलाच ठाऊक. तिनं सोडायची नाही ठरवलं. मला सांगितलं नाही, बायकांना सांगितलं नाही, रोज चार वाजता ठवणीपुढे बसत राहिली.

आणि मी? मी त्या वेळी दुनिया बघत होतो.

शाळेला सुट्टी होती. सकाळची आंघोळ झाली की टॅबलेट घेऊन ओट्यावर बसायचो. फोन माझ्याकडे होता, पण खिशातल्या फोनमधून बघणं म्हणजे दाराच्या फटीतून बघणं. इथे सताड दार उघडलेलं. पहिल्या दिवशी आकाशातून काढलेला जळगावचा नकाशा उघडला. दोन बोटं काचेवर टेकवून चिमटी उघडली की गाव वर येतं. आणखी उघडली की रस्ता येतो, गल्ली येते. उघडत उघडत मी आमच्या गच्चीवर उतरलो. पाण्याची टाकी, तिच्या झाकणावर मी ठेवलेला दगड, आणि शेजारी चौकोनी पांढरं काहीतरी. ते आमचं धान्य वाळवायचं धोतर होतं, चौथ्या कोपऱ्याला फाटलेलं. कुणीतरी आकाशातून जाताना माझं फाटकं धोतर बघून गेलं होतं! मी गच्चीवर पळत जाऊन हात हलवून आलो. खाली येऊन बघतो तर मी त्यात नाही. हे असं लगेच दिसत नसतं, हे मला नंतर कळलं.

तिथून असोद्याकडे सरकलो. केळीच्या बागा वरून चटईसारख्या दिसतात. गिरणेचं पात्र धरून बोटानं चालत भडगावला गेलो, सासरच्या घराचं पत्र्याचं छप्पर शोधलं. दीड बोटाचा प्रवास. एसटीला तीन तास लागले होते.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा सापडला. मी एका अनारशाचा फोटो काढला आणि चिमटी उघडत गेलो. खसखशीचा दाणा हरभऱ्याएवढा झाला, मग लिंबाएवढा, आणि त्यावर जाळी दिसली, मधमाशीच्या पोळ्यासारखी. बासष्ट वर्षं खसखस खाल्लेल्या आमच्या आईला हे दाखवायला हवं होतं, असं वाटलं. ती असती तर म्हणाली असती, दाणा मोठा केला तर लाडूला कमी लागेल का.

"अगं, बघ," मी आत हाक मारली.

बायको आली. एरवी माझ्या शोधांना तिचं उत्तर 'हो का' एवढंच असतं. त्या दिवशी ती माझ्या खांद्याला खांदा लावून बसली. मीच जरा संकोचलो.

"आणखी मोठं होतं का?"

"होतं तर!"

"आणि अक्षरं? अक्षरंही अशी मोठी होतात?"

"सगळं होतं, सगळं," मी म्हणालो, आणि तिला आमच्या धोतराचा कोपरा दाखवायला पुन्हा नकाशा उघडला. ती थोडा वेळ बसली आणि उठून आत गेली.

एवढं होऊनही मला कळलं नाही. तसे त्याआधीचे दोन-तीन महिनेही मी फार खुशीत होतो. बायकोनं रोज सकाळी माझ्याकडून पेपर वाचून घ्यायला सुरुवात केली होती. "तुमचा आवाज कसा रेडिओवर बातम्या देणाऱ्यासारखा आहे, वाचा ना," म्हणायची. मी आवाज खाली आणून वाचायचो, बाजारभावसुद्धा. औषधाच्या पाकिटावरचं वाचून घ्यायची, गॅसचा मेसेज वाचून घ्यायची. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर तिला माझा आवाज आवडायला लागला, या विचारानं मी आवाजासाठी ज्येष्ठमध चघळत होतो.

महिना अर्ध्यावर आला, आणि एक दिवस पोथीनंतर समोरच्या अक्कांनी जाहीर केलं. अक्का म्हणजे गल्लीतलं सगळ्यात मोठं माणूस. कान तिखट, जीभ त्याहून. "समाप्तीले मनी सून बी येई," त्या म्हणाल्या. "तिना माहेरनी पोथी शे तिनाजोडे. नवी शे. ती जोडे बसीसन बोट फिरवी. शिकेल शे, तिले बी सवय लागू द्या."

सून शेजारी बसून आपल्या पोथीवर बोट फिरवणार, एवढंच. मी आतल्या खोलीत खसखस बघत होतो, मला त्यात काही विशेष वाटलं नाही. बायकोनं मात्र त्या संध्याकाळी वरणात दोनदा मीठ घातलं.

मेहुण्याला वाणाची पावती द्यावी म्हणून मी ठरवलं की त्याच्या ताईच्या पोथीचा व्हिडिओ काढून पाठवायचा. बाविसाव्या दिवशी दाराच्या पडद्याआडून काढला. बायका माना डोलावत होत्या, बायकोचं बोट ओळीवरून सरकत होतं, आवाज खणखणीत. राजाराणीची कथा चालली होती, दिवा लावण्याचं पुण्य सांगणारी. सकाळी ओट्यावर बसून मी तो लावला आणि सवयीनं मध्येच थांबवून चिमटी उघडली. बायकोचा हात मोठा झाला. बांगडी मोठी झाली. बोट, बोटाखालचं पान, पानावरचं अक्षर. वरच्या कोपऱ्यात लिहिलं होतं: अध्याय सातवा.

बावीस दिवस झालेले, बाविसावा अध्याय चाललेला, आणि पान सातव्याचं.

मला वाटलं, टॅबलेट जुनं पान दाखवतोय. गच्चीच्या नकाशात मी नव्हतो, तसंच काहीतरी. पण प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेल्या माणसाला निरीक्षण एकदा करून चैन पडत नाही. मी देवघरातून लाल फडकं काढलं, बाविसावा अध्याय उघडला, आणि एका कानानं व्हिडिओ ऐकत ओळ ओळ ताडून बघायला लागलो.

एकही ओळ जुळेना.

कथा तीच होती. राजा तोच, शाप तोच, उःशाप तोच. पण छापलेल्या पोथीत राणी सोन्याच्या तबकात रत्नांचा दिवा घेऊन जाते, दासी मागे, चवऱ्या ढाळणाऱ्या पुढे. बायकोच्या राणीकडे काहीच नव्हतं. तिची ओवी अशी होती:

कापूस वेचिला राणीने,
वात वळिली चिमटीने,
दिवा भरिला पाणियाने,
तेल नव्हते म्हणोनी.

मी ती पुन्हा लावली. पुन्हा लावली. खालच्या चाळीत कुणाच्या तरी घरी कुकर शिट्ट्या देत होता आणि मी ओट्यावर बसून त्या पाण्याच्या दिव्यापाशी थांबून राहिलो होतो. ही ओवी कुठल्याच पोथीत नव्हती. माझ्या बायकोनं ती बोट सरकवता सरकवता, श्वास घेता घेता केली होती. आणि अशा शंभर-दीडशे, रोज, बावीस दिवस. आईच्या तोंडून तीन-तीन वर्षांनी ऐकलेली कथा तेवढी डोक्यात, बाकी सगळं तिचं. सूक्ष्मदर्शकात, नकाशात, खसखशीच्या दाण्यात मी आजवर जे जे तोंड उघडं टाकून बघितलं, त्यातलं काही याच्या जवळपासही जात नव्हतं. आणि ते माझ्या घरात, पडद्यापलीकडे, रोज चार वाजता चाललं होतं.

पण का? ते काही केल्या सुटेना. शेवटी मेहुण्याला फोन केला.

त्यानं आधी तिकडचा कूलर बंद केला. मग म्हणाला, "दाजी, तुम्हले सांग नही का तिनी?" आणि मग त्यानं डोळ्याचं, धुळ्याचं, डॉक्टरचं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "तिनी माले शप्पथ घाती. मंग मी काय करू? वाण तं जवाईलेच देतस. बहीणले कसं देऊ? म्हन्तं, दाजींना हातमा ऊना तं तिनापर्यंत जाईच."

दाजींच्या हातात आला की तिच्यापर्यंत जाईलच. मी फोन ठेवला. टॅबलेट माझ्या मांडीवर होता, गेले तीन आठवडे तिथेच होता.

बायकोला मी काही बोललो नाही. बोलायची लाज वाटली, हे खरं कारण. दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत पोथी घेऊन गच्चीवर गेलो. त्याच फाटक्या धोतरावर पोथी उघडली, पानं उडू नयेत म्हणून टाकीवरचा दगड घेतला, आणि उरलेल्या अध्यायांची पानं एकेक करून फोटोत घेतली. हात हलला की पुन्हा. सावली पडली की पुन्हा. शेवटचं पान घेऊन झाल्यावर बोट कुठेतरी भलतीकडे लागलं, कॅमेरा उलटा फिरला आणि माझाच फोटो निघाला, खालून, घामानं भिजलेला, नाकपुड्या पुढे. तो पुसायला हवा होता. राहिला.

खाली आलो. बायको उभ्यानंच भाजी निवडत होती, बोटांनी, मान तिरकी करून. आता मला ती मान दिसत होती. मी टॅबलेट तिच्यासमोर धरला.

"हे काय?"

"बघ तर."

तिनं ओले हात पुसले. दोन बोटं टेकवली. इतके दिवस मला बघून शिकली असावी, चिमटी अगदी बरोबर उघडली. अक्षर चिंचोक्याएवढं झालं. आणखी उघडली. बोराएवढं झालं. ती वाचायला लागली, आधी पुटपुटत, मग मोठ्यानं. एक ओवी, दुसरी ओवी. उभी होती ती तशीच खाली बसली. पान संपलं तशी कडेशी येऊन थांबली. समासात पिवळा डाग होता, अंगठ्याचा.

"आईची हळद," ती म्हणाली. "हळदकुंकू लावून पान उलटायची. मला वाटलं होतं पुसली गेली."

तिनं तो डाग मोठा केला. अंगठ्याच्या रेघा दिसायला लागल्या, गोल गोल, एकात एक. त्या दिवशी भाजी मी निवडली.

तोवर चार वाजता ती पूर्वीसारखी पोथीच उघडत राहिली, टॅबलेटवर सकाळी एकटी सराव करायची. समाप्तीला पुढची खोली भरली. ठवणीवर लाल फडकं अंथरून बायकोनं पोथी मधोमध ठेवली, तिला हळदकुंकू वाहिलं, आणि मग सगळ्यांसमोर टॅबलेट आणून पोथीच्या वर टेकवला. अक्कांची सून शेजारी आपली नवी पोथी उघडून बसली होती. मी पडद्याआड.

"हाई काय शे वं?" अक्का.

मी तिला दोन दिवस पढवत होतो की सांग, पोथी जीर्ण झाली, पानं फाटतात, म्हणून फोटो.

"माझा उजवा डोळा गेलाय, अक्का," बायको म्हणाली. "डावाही अधू झालाय. पोथीतलं मला दिसत नाही. यात मोठं करून दिसतं. चालत असेल तर वाचते. नसेल तर सूनबाई वाचेल, मी ऐकेन."

सगळ्या माना अक्कांकडे वळल्या. अक्कांनी तांब्यात बोटं बुडवली, हळद घेतली, कुंकू घेतलं, आणि गुडघ्यावर हात रेटत उठून टॅबलेटच्या वरच्या कडेला एक एक बोट टेकवलं. "उजेडनी पोथी शे," त्या म्हणाल्या. "वाच माय."

तिनं वाचलं. सूनबाईचं बोट तिच्या पोथीवर तिच्याबरोबर चाललं, एकदाही अडलं नाही. मी पडद्याआडून मनात ओव्या मोजत होतो, जशी परीक्षेला बसलेल्या मुलाची आई मोजते. शेवटचं पान आलं. फलश्रुती आली. बायकांनी हात जोडले. आणि अक्कांना मोगऱ्याचं फूल वाहायचं आठवलं. त्यांनी ओल्या हातानं फूल काचेवर ठेवलं, हात बाजूला घेताना काचेवरून सरकला, आणि पान उलटलं.

ठवणीवर मी आलो. खालून, घामानं भिजलेला, नाकपुड्या पुढे. हळदकुंकू वाहिलेला. समोर वीस बायका हात जोडून.

"हाऊ कोनता देव शे वं?" अक्कांनी विचारलं.

बायकोचा आवाज अडखळला नाही. त्याच चालीत, त्याच संथपणानं, बोट माझ्या नाकावर ठेवून ती पुढे वाचत गेली:

अधिकाचा देव बैसला,
वाण पाहोनी हासला,
ताट घासिता दचकला,
भोळा भाव तयाचा.

बायकांनी माना डोलावल्या. सूनबाईचं बोट आपल्या पोथीवर थांबलं. तिनं पानावर शोधलं, मागच्या पानावर शोधलं, मग हळूच वर बायकोकडे बघितलं. सूनबाईनं खालचा ओठ दातात धरला, मान खाली घातली आणि रिकाम्या समासावरून बोट पुन्हा सावकाश पुढे फिरवायला लागली. आरती सुरू झाली.

बायका प्रसाद घेऊन गेल्यावर मी बाहेर आलो. बायको ठवणी मिटत होती.

"पाण्याचा दिवा मी ऐकला," मी म्हणालो. "सगळं ऐकलं. पण मला का नाही सांगितलंस?"

"विचारलं होतं की," ती म्हणाली. "अक्षरंही अशी मोठी होतात का, म्हणून. तुम्ही 'सगळं होतं' म्हणालात, त्याच्यात बघत." तिनं लाल फडक्याची घडी केली, टॅबलेट त्यात पोथीशेजारी ठेवला आणि गाठ मारली. "असू द्या. आता ते तांब्याचं ताट तेवढं चिंचेनं घासून आणा, महिना झाला तसंच पडलंय. ते पेटत नाही, घाबरू नका."